सोमवारी आयर्लंडला

मशीनवाले काकांनी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी जाहीर केलं, की तीन महिन्यांत आपण फाडफाड इंग्रजी बोलायला लागणार. हे त्यांनी इस्त्रीवाल्याच्या दुकानापुढे उभं राहून सांगितलं, त्यामुळे गल्लीला वेगळं कळवण्याची गरज उरली नाही.

"चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतोय," काका म्हणाले. "एकेका मशीनमध्ये शे-दीडशे भाग. इंग्रजीत अक्षरं किती? सव्वीस. सव्वीस भागांचं मशीन मला जड जाईल होय?"

इस्त्रीवाल्यानं एका कॉलरवर पाणी शिंपडलं. "जाणार नाही. पण बोलणार कुणाशी?"

त्याचं उत्तर काकांच्या मोबाइलमध्ये होतं. पाच वर्षांची मुलगी, पायात लाल गमबूट, समोरचा एक दात पडलेला, आणि दोन्ही पाय डबक्यात. ती काकांची नात. मुलगा अकरा वर्षांपूर्वी आयर्लंडला गेला, तिथेच त्यानं लग्न केलं, आणि घरात सगळे इंग्रजीच बोलायचे. सुरुवातीला त्याचा फोन दर रविवारी यायचा. मग महिन्यानं येऊ लागला. काकू गेल्या तेव्हा तो चार दिवस येऊन गेला, आणि त्यानंतर फक्त फोटो यायचे, खाली एक अक्षरही न लिहिलेले.

मागच्या वर्षी एकदाच त्यानं नातीच्या हातात फोन दिला होता. ती काहीतरी लांबलचक बोलली. काका म्हणाले, "हां, हां." ती थोडा वेळ थांबली. काका पुन्हा म्हणाले, "हां." मग फोन बंद झाला. त्या मुलीनं काय विचारलं असेल, हे काकांना अजून कळलेलं नव्हतं. कधीकधी सुईत दोरा ओवता ओवता ते मध्येच थांबायचे, ते त्यामुळेच.

म्हणून इंग्रजी. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका दर बुधवारी संध्याकाळी वर्ग घेत. विद्यार्थी सहा, सगळे साठीच्या पुढचे. बाई मात्र त्यांना दुसरीतल्या पोरांसारखं वागवत. उशीर झाला तर दारात उभं करत.

वर्गाला दोन महिने झाल्यावर एका बुधवारी बाईंनी देशांची नावं घेतली. "प्रत्येकानं एक देश निवडायचा आणि रोजच्या बोलण्यातली दहा वाक्यं करायची. रोजच्या बोलण्यातली. भूगोलातली नाहीत."

निवृत्त पोस्टमननं लगेच हात वर केला. "आय ॲम हंगेरी. गिव्ह मी बिस्कीट."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "तो देश आहे. तुम्हाला लागली आहे ती भूक. खाली बसा."

काकांनी आयर्लंड निवडलं. त्यांना शंका एकच होती. "बाई, आयर्लंडच्या आधी 'टू' लावायचं, 'इन' लावायचं, की 'फ्रॉम'?"

"जात असाल तर टू. पोहोचलात की इन. तिथून परत आलात की फ्रॉम. आणि नुसतं लिहून आणू नका. प्रत्येक वाक्य दहा वेळा मोठ्यानं म्हणायचं. लाजणाऱ्याला भाषा येत नाही."

गुरुवारी सकाळी काकांनी दुकान उघडलं, एक मशीन आडवं केलं, खालची झाकणी काढली आणि लाज सोडली. "आय ॲम गोइंग टू आयर्लंड ऑन मंडे." एकदा. "आय ॲम गोइंग टू आयर्लंड ऑन मंडे." दोनदा. आठव्या वेळेपर्यंत आवाजाला अशी काही धार आली, की समोरच्या दुकानातला माणूस शटर वर करून बघायला लागला.

नवव्या वेळेला दारात गळेवाली उभी होती. ही शिवणकाम करणारी बाई. कपड्याचा कुठलाही गळा ती न मोजता कापायची, म्हणून गल्लीनं तिला ते नाव दिलेलं.

"काका, तुम्ही सोमवारी आयर्लंडला चाललात?"

काकांच्या ओठांत तेव्हा दोन स्क्रू धरलेले होते. कारागिराला तिसरा हात नसतो, त्यामुळे स्क्रू ओठांत धरायची त्यांची सवय जुनी. "नाही, हा गृहपाठ आहे," एवढं बोलायचं तर एखादा स्क्रू पोटात गेला असता. ते नुसतंच "हं" म्हणाले, आणि हातानं थांब अशी खूण केली. गळेवालीनं ती खूण निरोपाची समजली, डोळ्याला पदर लावला आणि ती निघून गेली.

तासाभरानं तीच आपलं मशीन रिक्षात घालून घेऊन आली. "सोमवारच्या आत द्या. खालचा दोरा घेत नाहीये." तिच्या मागोमाग पडदेवाली आली. तिच्या मशीनचा टाका सुटत होता. मग दोन बहिणी आल्या, एक जुनं पायमशीन दोघींनी दोन बाजूंनी धरलेलं. मग शाळेचे गणवेश शिवणारे मास्तर आले, त्यांची तीन मशीनं हातगाडीवर. प्रत्येकाचं एकच म्हणणं, सोमवारच्या आत.

काका खूश झाले. काकू गेल्यापासून धंदा जेमतेमच चालला होता. हा अचानक पूर कुठून आला, असा विचार त्यांच्या मनात आला खरा. पण इतक्या गिऱ्हाइकांसमोर कोण कारण विचारत बसतो? संध्याकाळी त्यांनी मोजलं, तर बावीस मशीनं. स्वतः काका दुकानाच्या बाहेर, स्टुलावर, कारण आत उभं राहायलाही जागा उरलेली नव्हती.

शुक्रवारी सकाळी इस्त्रीवाला एक जाड स्वेटर घेऊन आला. घडी अशी कडक, की स्वेटर पुठ्ठ्याचा वाटावा. "एका गिऱ्हाइकानं चार वर्षांपूर्वी टाकलाय. न्यायला आलंच नाही कुणी. तुम्हाला तिथे लागेल."

"कुठे?"

"आयर्नलंडला." इस्त्रीवाल्याला त्या देशाबद्दल पहिल्यापासून आपलेपणा होता. ज्याच्या नावातच इस्त्री आहे, तो देश वाईट असणार नाही, असं त्याचं मत.

काकांच्या डोक्यात प्रकाश पडायला सुरुवात झाली. तो पुरता पडायच्या आत गाळ्याचे मालक आले. त्यांच्याबरोबर मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस होता. त्यानं खिशातून टेप काढली आणि काका बसलेले असतानाच दुकान मोजायला लागला. "आजोबा, जरा पाय उचला," तो म्हणाला. काकांनी पाय उचलले.

"मला सांगायचं तरी," मालक म्हणाले. "तीस वर्षांचे संबंध आपले. मला बाहेरून कळावं?"

"अहो, पण मी कुठेही चाललेलो नाही. तो गृहपाठ होता. देशाचं नाव घालून वाक्य करायचं होतं."

मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा स्वभाव माहीत आहे मला. गाजावाजा नको असतो तुम्हाला. पण खरं सांगू? मला आनंद झाला. लोक काय काय बोलायचे. पोरगा बापाला विसरला, आई गेली तेव्हाही पाहुण्यासारखा येऊन गेला. मी म्हणायचो, थांबा, तो बोलावेल. बोलावलं की नाही शेवटी?"

लोक आपल्याबद्दल हे बोलत होते, हे काकांना आजवर माहीत नव्हतं. ते रोज त्याच लोकांमधून चालत दुकानात यायचे. कसं काय चाललंय म्हणून विचारलं, की सांगायचे, मुलगा मजेत आहे, कामात फार असतो. आणि ते सगळे मान डोलवायचे.

"बोलावलं की नाही?" मालकांनी पुन्हा विचारलं.

"हं," काका म्हणाले. या वेळी ओठांत स्क्रू नव्हते.

त्यानंतर खरं सांगणं तासागणिक अवघड होत गेलं. पडदेवालीनं विमानात मान अवघडू नये म्हणून एक छोटी उशी शिवून दिली. वर्गात आयर्लंडच का निवडलं ते आता कळलं, असं म्हणत पोस्टमननं त्यांना जगाचा नकाशा दाखवून आयर्लंड नेमकं कुठे आहे ते समजावलं, आणि वीस मिनिटं आइसलंडवर बोट ठेवलं. काका सगळ्यांना हो म्हणत होते आणि खाली मान घालून मशीनं उघडत होते. हातातलं काम तेवढं खोटं नव्हतं. त्यांनी प्रत्येक मशीन पूर्ण सुटं केलं. वर्षानुवर्षं अडकलेले दोऱ्याचे गुंते चिमट्यानं काढले, झिजलेले पट्टे बदलले, तेल घातलं, सुईदांडा जागेवर बसवला. जाणाऱ्या माणसानं अर्धवट काम टाकू नये, असं त्यांना वाटायला लागलं होतं. आपण जाणारे नाही, हे ते मधूनमधून विसरत होते.

शनिवारी दुपारी ताई आली. काकांची थोरली बहीण, वय एकाहत्तर. शहराच्या दुसऱ्या टोकाहून दोन बस बदलून, हातात थर्मास घेऊन.

"मला सांगितलं नाहीस," ती दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाली. "मला परक्यांकडून कळावं?"

"ताई, आधी बस. माझं ऐकून घे."

"ऐकायचं काय राहिलंय? जा बाबा, सुखानं जा. वहिनी गेल्यापासून तू कसा जेवतोस, कसा झोपतोस, मला काय दिसत नाही? तिथे निदान पोराच्या घरात असशील." तिनं डोळे पुसले. "आणि काळजी करू नकोस. माझ्या मुलीनं कालच त्याला मेसेज केलाय. म्हटलं, मामाला घ्यायला विमानतळावर वेळेवर जा. भाषा येत नाही त्याला, कुठेतरी भलतीकडे जाऊन बसेल."

काकांच्या हातातली तेलाची कुपी मशीनवर उलटी झाली. "काय म्हणाला तो?"

"अजून काही नाही. कामात असेल."

तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. ताईसमोर तरी. लहानपणी काकांनी तिच्यापासून काहीच लपवलेलं नव्हतं. पण तिचं ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि त्यांच्या मनात एक विचार आला, आणि तो आल्यावर त्यांना बोलवेना. मेसेज गेलाच आहे. आता तो वाचेल. वाचून कदाचित म्हणेल, बाबा, सोमवार जरा घाईचं होतं, पण या. एवढा बोभाटा झालाच आहे तर म्हणेलही. माणूस कशावरून कशावर येतो.

ताईनं काकांच्या घरी जाऊन माळ्यावरची बॅग काढली. तिनं सदरे घातले, स्वेटर घातला, उशी घातली. काका दारात उभे राहून बघत होते. त्यांनी तिला अडवलं नाही. उलट एकदा म्हणाले, "गमबूट मिळतील का गं माझ्या मापाचे? तिथे पाऊस फार असतो."

संध्याकाळभर त्यांनी फोन उशाशी, खिशात, ताटाशेजारी ठेवला. तो वाजला नाही.

रविवारी अकरा वाजता वाचनालयात निरोपाचा कार्यक्रम होता. टेबलांवरची वर्तमानपत्रं बाजूला सारून चहाचे कप मांडले होते. भिंतीवर मास्तरांनी गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाची अक्षरं कापून लावली होती. 'शुभ प्रवास'. त्यातला 'प्र' थोडा तिरका. पंचवीसेक माणसं जमली होती, बहुतेक बायका, आणि दुरुस्तीला आलेली सगळी मशीनं काकांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत घरपोच केलेली होती.

इंग्रजीच्या बाई जरा उशिरानं आल्या. कार्यक्रम कशाचा, ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी भिंत वाचली, टेबल पाहिलं, मग चष्म्यावरून काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली. पहिल्यांदाच बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

गळेवाली बोलायला उभी राहिली. "काकांनी माझं मशीन किती वेळा..." एवढं म्हणून ती रडायलाच लागली. तेवढ्यात काकांचा फोन वाजला.

"मुलाचा," काकांच्या तोंडून निघून गेलं.

सगळ्यांच्या माना फोनकडे वळल्या. ताईनं त्यांच्या दंडाला हात लावला. "घे की. इथेच बोल, आम्हालाही ऐकू दे."

काकांनी फोन कानाला घट्ट धरला.

"बाबा? हे काय ऐकतोय मी? तुम्ही तिकीट काढलंत?" मुलाचा आवाज झोपेतून उठल्यासारखा होता. "मला न विचारता? बाबा, असं कसं करता तुम्ही? इथे दोन खोल्यांचं घर आहे. हिचे आईवडील आलेत, ते सहा महिने राहणार आहेत. मी कुठे ठेवू तुम्हाला?"

समोर पंचवीस चेहरे. सगळे हसरे. इस्त्रीवाला तर अंगठा वर करून उभा होता.

"बाबा, ऐकताय ना? मी येऊ नका असं म्हणत नाहीये. पण आत्ता नाही. पुढच्या वर्षी बघू. तिकीट रद्द करता येईल का? मी बोलू का कुणाशी?"

मराठीत काहीही बोललं असतं तरी सगळ्यांना कळलं असतं. काकांनी घसा साफ केला.

"नो," ते म्हणाले. "आय ॲम नॉट गोइंग टू आयर्लंड."

"बाबा? तुम्ही इंग्रजी बोलताय?"

"यस. नो टिकेट. डोन्ट वरी. आय ॲम इन माय... आय ॲम हिअर."

शब्दांकडे कुणाचं लक्ष नव्हतं, खोलीत नुसती कौतुकाची कुजबुज झाली. पडदेवाली शेजारणीला म्हणाली, "बघ कसं बोलतात." मागच्या बाकावर बाईंनी चष्मा काढून हातात धरला होता, आणि त्या पुसत मात्र नव्हत्या.

तेवढ्यात फोनमध्ये लांबून एक बारीक आवाज आला. "डॅडी, हू इज इट?"

काका सरळ उभे राहिले. हा आवाज त्यांनी आयुष्यात एकदाच ऐकला होता, पण ओळखायला क्षणही लागला नाही. आणि या वेळी तिनं काय विचारलं ते त्यांना कळलं. शब्द न् शब्द कळला. कोण आहे, असं विचारत होती ती. तोंडावर आलेलं 'हॅलो' त्यांनी तयार ठेवलं.

"नोबडी, लव्ह," मुलगा तिला म्हणाला. "गो बॅक टू बेड."

तेही कळलं. दोन महिन्यांपूर्वी कळलं नसतं.

"बाबा, नंतर बोलतो मी. सविस्तर. ठीक आहे ना?"

"ओके," काका म्हणाले. "थँक यू." आणि फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो थोडा वेळ कानालाच धरून ठेवला, कारण खाली घेतला की कुणीतरी विचारणार होतं.

विचारलं ताईनंच. "काय म्हणाला?"

"म्हणाला..." काकांनी खोलीभर पाहिलं. "म्हणाला, आत्ता तिथे फार थंडी आहे. तुम्हाला सोसायची नाही. पुढच्या वर्षी बघू."

"बरोबरच आहे त्याचं," इस्त्रीवाला म्हणाला. "तरी स्वेटर असू द्या तुमच्याकडे."

लोकांनी चहा घेतला. गप्पा झाल्या, पण आवाज कमी कमी होत गेला. एकेक जण उठून काकांचा हात हातात घेऊन निघाला. बाई सगळ्यात शेवटी उठल्या. त्यांनी स्टुलावर चढून भिंतीवरची निळी अक्षरं स्वतः काढली, नीट घडी करून मास्तरांसाठी ठेवली, आणि जाता जाता म्हणाल्या, "बुधवारी या. उशीर झाला तरी चालेल."

घरी गेल्यावर ताईनं बॅग उघडली आणि एकेक सदरा परत कपाटात ठेवायला लागली. काका पलंगावर बसले होते. त्यांनी तिला गुरुवारपासूनचं सगळं सांगितलं. गृहपाठ, स्क्रू, मालकांचं बोलणं. फोनवर शेवटी काय ऐकलं तेही. ताईचे हात थांबले नाहीत. शेवटचा सदरा ठेवून ती म्हणाली, "झोपेत होता रे तो. झोपेत माणूस काहीही बोलतो."

"हो," काका म्हणाले.

"पोरीला परत झोपवायचं असेल."

"हो गं."

मग दोघं जेवायला बसली.

ताईनं कुणाला सांगितलं, की बाईंनी, की लोकांचं लोकांनाच कळलं, देव जाणे. पण त्यानंतर गल्लीत कुणी काकांना विचारलं नाही, की पुढच्या वर्षी म्हणजे नेमकं कधी. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला मालकांनी पलीकडच्या रस्त्यावरचा गाळा दिला. तीन आठवड्यांनी मुलाचा फोन आला, आणि त्यानं नातीला बोलायला दिलं. काकांनी दहा वाक्यं पाठ करून ठेवली होती. ती म्हणाली, "हाय." काका म्हणाले, "हॅलो. हाऊ आर यू?" ती म्हणाली, "गुड," आणि पळाली. पाठ केलेली नऊ वाक्यं तशीच राहिली. मुलगा थोडा वेळ हवापाण्याबद्दल बोलला. सॉरी म्हणाला नाही. पण फोन ठेवायची घाईही केली नाही.

खरा घोटाळा झाला तो धंद्याचा. काकांनी त्या तीन दिवसांत बावीस मशीनं अशी दुरुस्त करून ठेवली होती, की आता ती बिघडायचं नावच घेईनात. शेजारच्या चार गल्ल्यांतून कुठे टाका सुटत नव्हता की दोरा तुटत नव्हता. काका सकाळी दुकान उघडायचे, हत्यारं पुसून ओळीनं मांडायचे आणि संध्याकाळी उचलून ठेवायचे. एक महिना गेला, दुसरा गेला. इतकं चोख काम आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि त्याचं इतकं वाईट फळही कधी मिळालं नव्हतं.

मग एका मंगळवारी गळेवाली रिक्षातून उतरली. पोटाशी मशीन धरलेलं.

"आवाज करतंय," ती म्हणाली.

काकांनी चाक फिरवलं. मशीन लोण्यासारखं चाललं. चिंधी घालून टाका पाहिला, सरळ रेघ. पट्टा पाहिला, बॉबिन पाहिली, कान लावून ऐकलं.

"याला काही झालेलं नाही गं."

"नीट बघा ना, काका," ती म्हणाली, आणि समोरच्या स्टुलावर बसली. "मला काही घाई नाही."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग झाकणी काढली, दोन स्क्रू ओठांत धरले आणि कामाला लागले.